एकाच वर्षीचे दोन जादूगार

२००६च्या ऑगस्टमध्ये ‘द इल्युजनिस्ट’ आला, ऑक्टोबरमध्ये ‘द प्रेस्टिज’. दोन्हींत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचा युरोप आणि रंगमंचावरचा जादूगार. साहजिकच त्यांची जोडी लागली, ती आजतागायत सुटलेली नाही. जादूच्या बाबतीत दोन्हींचे सल्लागारही तेच, रिकी जे. तरी हे चित्रपट ज्या इतिहासातून आले तो पाहिला, की मला ती भावंडं वाटत नाहीत.

‘द इल्युजनिस्ट’ स्टीव्हन मिलहाउझर यांच्या एका कथेवरून घेतला आहे. युवराज आणि प्रेमकथा ही दिग्दर्शक नील बर्गर यांची भर. तिच्यामागे मायरलिंगची सावली आहे. जानेवारी १८८९मध्ये ऑस्ट्रियाचा युवराज रुडॉल्फ आणि मेरी वेत्सेरा तिथल्या शिकारघरात मृतावस्थेत सापडले, आणि दरबाराने सत्य दडपायचा आटोकाट प्रयत्न केला.

गोष्ट व्हिएन्नाची असली तरी तिच्यातली जादू पॅरिसची आहे. रोबेर-उदँ हा मूळचा घड्याळजी. १८४५मध्ये त्याने पाले-रॉयालमध्ये छोटं नाट्यगृह उघडलं आणि तो चारचौघांसारख्या सभ्य पोशाखात जादू करू लागला. प्रेक्षकांतल्या बाईचा रुमाल घेऊन तो नाहीसा करायचा. मग टेबलावरच्या झाडाला फुलं यायची, संत्री लागायची, शेवटचं संत्रं उकलायचं आणि दोन यांत्रिक फुलपाखरं तोच रुमाल वर उचलायची. चित्रपटातलं झाड ते हेच.

त्याचा दुसरा प्रयोग मला जास्त अस्वस्थ करतो. १८५६मध्ये फ्रेंच सरकारने त्याला अल्जीरियात पाठवलं. तिथल्या फकिरांचा लोकांवरचा प्रभाव मोडायचा होता. त्याने एक हलकी पेटी ठेवली आणि धट्ट्याकट्ट्या माणसाला उचलायला सांगितली. जमिनीखालचा विद्युतचुंबक चालू होता, पेटी तसूभरही हलेना. जिंकलेल्या लोकांना दुबळं ठरवण्यासाठी सत्तेने जादू वापरली. चित्रपटात एक तलवार जमिनीवर उभी असते आणि ती आधी युवराजालाच हलवता येत नाही. तोच खेळ, पण अपमान होतो तो सत्ताधीशाचा. मला हा या चित्रपटातला सर्वांत मोठा क्षण वाटतो.

‘द प्रेस्टिज’ लंडनचा आहे, आणि तिथली गोष्ट धंद्यातल्या वैराची. ख्रिस्तोफर प्रीस्ट यांची कादंबरी १९९५ची. पण असं वैर लंडनने प्रत्यक्ष पाहिलं होतं. चिंग लिंग फू हा खरा चिनी जादूगार. त्याची नक्कल करत विल्यम रॉबिन्सन हा अमेरिकी माणूस ‘चुंग लिंग सू’ झाला. वार्ताहरांशी बोलतानाही तो दुभाषा घेऊन बसायचा. १९०५मध्ये दोघेही लंडनमध्ये होते आणि अस्सल कोण यावर जाहीर आव्हानं झाली. मार्च १९१८मध्ये बंदुकीची गोळी झेलण्याचा प्रयोग फसला, सू कोसळला, आणि ‘पडदा पाडा’ हे त्याने इंग्रजीत सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो गेला. दिग्दर्शक ख्रिस्तोफर नोलन यांनी त्याला चित्रपटात थोडाच वेळ आणलं आहे, पण सगळ्या कथेचं बीज त्या प्रसंगात आहे: सोंग रंगमंचाबाहेरही जगायचं.

पिंजऱ्यासकट गायब होणारा पक्षीही खरा. हा प्रयोग ब्युआतिए द कोल्ताचा. त्यात पक्षी मरतो असा आरोप इतका वाढला, की १९२१मध्ये कार्ल हर्ट्झला ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे तो करून दाखवावा लागला. अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्समध्ये विजेचा संशोधक निकोला टेस्लाची प्रयोगशाळाही होती, १८९९मध्ये. तिथे घडलेलं दाखवलंय ते मात्र कल्पित.

रोबेर-उदँचं नाट्यगृह १८८८मध्ये जॉर्ज मेलिएसने विकत घेतलं. १८९५च्या डिसेंबरात त्याने ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं पाहिली आणि जादू कॅमेऱ्यात नेली. आपल्याकडे दादासाहेब फाळकेही आधी जादूचे प्रयोग करत. आडनाव उलटं करून त्यांनी ‘प्रोफेसर केळफा’ हे नाव घेतलं होतं, आणि पुढे त्याच नावाने ते पडद्यावरही जादू करताना दिसले.