बांडगुळाचा जीनोम आणि आरतीचं पालुपद

आमच्या आंब्यावरचं बांडगूळ काढायला माणूस चढला होता, तर शेजारचे काका खालून म्हणाले, "फुकटखाऊ झाड, त्यात असणार काय!" म्हटलं काका, याच्या नात्यातल्या युरोपियन बांडगुळात आपल्या तीसपट डीएनए आहे. ते हसायलाच लागले.

पण खरंय ते. ब्रिटन-आयर्लंडमध्ये 'डार्विन ट्री ऑफ लाइफ' नावाचा प्रोजेक्ट चालू आहे, तिथल्या साधारण ७०,००० जातींचे, म्हणजे झाडं, किडे, बुरश्या सगळ्यांचे जीनोम, म्हणजे प्रत्येकाचा अख्खा डीएनए, वाचायचे. त्यात सफरचंदावर वाढणारं बांडगूळ निघालं ९० अब्जांहून जास्त अक्षरांचं (डीएनए चार रासायनिक अक्षरांत लिहिलेला असतो)! माणूस ३ अब्ज, कांदासुद्धा १६ अब्ज. तेव्हा 'प्रगत जीव म्हणजे जास्त डीएनए' हे गणित कांदा चिरता चिरताच सोडून द्या.

एवढं असतं काय त्यात? बराचसा भाग तेच ते, पुन्हा पुन्हा. आणि इथेच खरी मजा आहे, कारण डीएनए वाचणारं मशीन पहिल्या पानापासून सलग वाचत नाही, तुकडे वाचतं आणि कॉम्प्युटर ते जुळवतो. समजा आरतीसंग्रह फाडून चिटोऱ्या केल्या आणि एकीवर नुसतं 'जय देव जय देव' आलं, तर ती गणपतीची की शंकराची? जुन्या पद्धतीत तुकडा दीडशे-तीनशे अक्षरांचा, म्हणजे पालुपदातच संपायचा. आता 'लाँग रीड' या नव्या पद्धतीत पंधरा-वीस हजार अक्षरं एका दमात येतात, एका कडव्यात सुरू होऊन पालुपद ओलांडून पुढच्या कडव्यात शिरतात, झालं, जागा सापडली. तरीही अडलंच तर 'हाय-सी' नावाची युक्ती: पेशीत डीएनए गुंडाळलेला असतानाच जवळ आलेले भाग रसायनाने चिकटवायचे, कापायचे, जोड्या वाचायच्या, एकाच क्रोमोसोमवरचे, म्हणजे डीएनएच्या एकाच लांब धाग्यावरचे, शेजारी जास्त वेळा एकत्र सापडतात, त्यावरून क्रम लागतो.

यासाठी धागा अखंड हवा, आणि जीव मेला की त्याचीच एन्झाइम्स डीएनएचे तुकडे पाडायला लागतात. म्हणून ऑक्सफर्डजवळच्या वायथम वुड्समध्ये रात्री दिव्याच्या सापळ्यात पकडलेले पतंग झटपट गोठवतात.

मग एका पतंगावरून काय कळतं? त्याच्याकडे आईची एक प्रत, बापाची एक. दोन्ही लांबच लांब पट्ट्यांत अक्षरन् अक्षर सारख्या निघाल्या तर आईबाप जवळच्या नात्यातले, म्हणजे बहुतेक ती वस्तीच आक्रसलेली. म्हणजे जंगलातले पतंग मोजत न बसताही अंदाज येतो.

काकांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "पण अमुक नक्षत्रावर काढून तिजोरीत ठेवलं तर पैसा टिकतो म्हणतात?" म्हटलं, ९० अब्ज अक्षरांत तसा जीन अजून तरी कुणाला दिसलेला नाही.