मनोक आणि नोक: सेबुआनो व लाओ भाषांचं दूरचं नातं

सेबुआनो भाषेत कोंबडीला 'मनोक' म्हणतात, लाओत पक्ष्याला 'नोक'. सेबुआनोत डोळा म्हणजे 'मता', लाओत 'ता'. मरणे हे सेबुआनोत 'ममतय', लाओत 'ताय'. तिन्ही जोड्यांत लाओ शब्द म्हणजे सेबुआनो शब्दाची नुसती शेपटी आहे. पुढचा भाग गळाला, शेवटचं अक्षर उरलं.

नकाशावर मात्र या दोघींचा शेजारही नाही. सेबुआनो फिलिपिन्समधली. सेबू, बोहोल, पूर्व नेग्रोस आणि मिंदानावच्या मोठ्या भागात ती बोलली जाते, बोलणारे दोन कोटींच्या आसपास. तिचं ऑस्ट्रोनेशियन कूळ मादागास्करपासून हवाईपर्यंत पसरलेलं आहे. लाओ ही क्रा-दाई कुळातली, थाईची सख्खी बहीण. तिचे भाषक लाओसपेक्षा ईशान्य थायलंडच्या ईसान भागातच जास्त आहेत.

ही दोन कुळं मुळात एकच असावीत, असं अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ पॉल बेनेडिक्ट यांनी 1942 मध्ये मांडलं. तेव्हा बऱ्याच जणांनी नाकं मुरडली, आणि आजही सगळ्यांना ते पटलेलं नाही. आक्षेप रास्त होता: एका अक्षराचे शब्द जुळवायला निघालं तर कुठलीही भाषा कुठल्याही भाषेशी जुळवता येते. पण पुढे दक्षिण चीनमधल्या बुयांग या छोट्याशा क्रा-दाई भाषेची नोंद झाली आणि पारडं बरंच झुकलं. बुयांगमध्ये डोळा 'मता', पक्षी 'मनुक'. लाओत गळालेलं पहिलं अक्षर तिथे शाबूत निघालं. आकड्यांचंही तसंच. लाओचे 'सोङ, साम, सी, हा' (दोन ते पाच) फार पूर्वी चिनीतून आले, त्यामुळे ते पुरावा म्हणून बाद. पण बुयांगचे तीन ते सहा आहेत 'तु, प, म, नम', आणि सेबुआनोचे 'तुलो, उपात, लिमा, उनोम'.

नातं शोधताना हमखास फसवतात ते उसने शब्द, आणि इथे ते आपल्याच घरचे आहेत. सेबुआनोत 'दिवाता' म्हणजे रानावनातलं दैवत, लाओत 'थेवदा' म्हणजे देवता. दोन्ही संस्कृतातून गेले, सेबुआनोत मलय भाषेच्या वाटेने. तिथेच 'साक्सी' (साक्षी) आणि 'गाद्या' (गज, म्हणजे हत्ती) हेही सापडतात. हे पाहुणे, त्यांच्यावरून सोयरीक ठरत नाही. लाओतला मंगळवार 'वान आङखान' आहे, म्हणजे आपल्या अंगारकीतला अंगारकच. सेबुआनोत तो 'मार्तेस', कारण 1565 पासून तिथे स्पॅनिश सत्ता होती.

देवताचं 'थेवदा' का झालं? बुधचं 'फुत', गुरूचं (शिक्षक) 'खू', तेही का? लाओच्या पूर्वज भाषेतले ग, द, ब पुढे ख, थ, फ झाले. पण ख तर आधीपासून होताच. मग शब्द एकमेकांत मिसळायला हवे होते. ते मिसळले नाहीत, कारण ग गेला तरी आवाजाच्या पट्टीत आपली खूण ठेवून गेला. पंजाबीत हे आजही ऐकू येतं: लिहितात 'घर', उच्चारतात 'कर'सारखं, पण स्वर खाली दाबून. लाओ लिपीत म्हणूनच ख साठी दोन अक्षरं आहेत, एक जुन्या ख च्या जागेचं, दुसरं जुन्या ग च्या. आज उच्चार एकच, पट्टी वेगळी.

लाओसची राजधानी विएन्तियान, तिथल्या बोलीत एकट्या 'खा'चे खेळ बघा. खालून वर चढवला की पाय. मधल्या पट्टीत सपाट धरला की कुलिंजन हे आल्यासारखं मूळ, नाहीतर किंमत (लिहिताना वेगळे, ऐकताना एकच). खालच्या पट्टीत उतरवला की ठार मारणे. वरून उतरवला की व्यापार. एकूण सूर पाच की सहा, यावर अभ्यासकांची गणती जुळत नाही. मराठी माणूस इथे एका ठिकाणी जिंकतो आणि एका ठिकाणी हरतो. क-ख, त-थ, प-फ हा फरक त्याला फुकटात मिळतो. पण प्रश्न विचारताना शेवटचं अक्षर वर ओढायची आपली सवय लाओत शब्दच बदलून टाकते.

सेबुआनोत सुरांची कटकट नाही. मूळ स्वरही तीनच: अ, इ, उ. सगळा भार क्रियापदावर. 'मिकाओन आङ इरिङ उग इस्दा' म्हणजे मांजराने (कुठलातरी) मासा खाल्ला. 'गिकाओन सा इरिङ आङ इस्दा' म्हणजे तो मासा मांजराने खाल्ला. 'आङ' ज्याच्या आधी उभा, वाक्य त्याचं. आणि 'मि' की 'गि' हेही त्यावरूनच ठरतं. 'मासा खाल्ला, मासोळी खाल्ली' असं क्रियापद माशाकडे वळवायची सवय आपल्याला आहे, त्यामुळे दुसरं वाक्य परकं वाटू नये. फरक इतकाच की मराठीत हे वळण भूतकाळ लादतो, सेबुआनोत बोलणारा निवडतो. नवशिके सगळीकडे 'मि'च लावतात. 'माशाचं काय झालं?' असं कोणी विचारल्यावर 'मि'ने उत्तर दिलं, तर ऐकणाऱ्याला मांजराची हकीकत मिळते, माशाची नाही.

लाओत यातलं काहीच नाही. 'मॅव किन पा', मांजर खाते मासा. मॅव म्हणजे मांजर, नाव कशावरून पडलं ते सांगायला नको. खाऊन झालं असेल तर शेवटी 'लॅव' जोडायचं. शब्दांची जागा बदललीत, 'पा किन मॅव' म्हणालात, की मासा मांजराला खातो. मोजताना नाम आधी: 'मा सोङ तो', म्हणजे कुत्रा, दोन, नग, 'तो' हा जनावरांसाठीचा मोजशब्द. सेबुआनोत 'दुहा का इरो', आकडा पुढे.

शब्दाच्या सुरुवातीचा ङ दोघींतही आहे: सेबुआनोत 'ङिपोन' (दात), लाओत 'ङुआ' (गाय). मराठीत तो बाराखडीत बसून असतो, शब्दाच्या तोंडी कधी येत नाही. 'वाङ्मय' म्हणताना मध्येच थांबा, ङ लांबवा आणि जीभ न हलवता पुढे थेट 'इ' जोडा. बहुतेक जण सवयीने मध्ये ग घुसवतात, तो टाळायचा.

एका बाबतीत सेबुआनो आपल्याला हिंदीपेक्षा जवळची वाटेल. हिंदीच्या 'हम'मध्ये आणि लाओच्या 'हाओ'मध्ये समोरचा धरला आहे की नाही ते कळत नाही. सेबुआनोत 'किता' म्हणजे आपण आणि 'कामी' म्हणजे आम्ही. बोलताना ते 'ता' आणि 'मी' इतके आखूड होतात. ताटावर बसलेले लोक दारात आलेल्याला 'मङाओन ता' म्हणतात, चला, आपण जेवू. चुकून 'मङाओन मी' म्हणालात, तर त्याचा अर्थ आम्ही जेवतो, तुमचं तुम्ही बघा.