स्फोट विरतो, धडधड उरते

‘डोकं बाजूला ठेवून बघायचा सिनेमा’ हे ॲक्शनपटाचं वर्णन आपण इतक्या वेळा ऐकतो की ते सिद्ध झालेलं सत्य वाटू लागतं. इमारती कोसळतात, गाड्या हवेत उडतात, खलनायक पहिल्याच दृश्यात ओळखू येतो, शेवट आधीच ठाऊक असतो. तरीही शिकलीसवरलेली, चाळिशी-पन्नाशीची माणसं खुर्चीला खिळून बसतात. त्यावरून लोक ठरवतात की या माणसांचा मेंदू तेवढा वेळ बंद असतो किंवा त्यांची आवड पोरकट आहे. मला हे दोन्ही निष्कर्ष चुकीचे वाटतात. अशा चित्रपटांतून मिळणाऱ्या आनंदासाठी कथेचा साधेपणा लागतोच.

आधी शरीराकडे पाहू. १९६२ साली शिफ, कॅव्हिनेस आणि गिब्सन या संशोधकांनी माकडांना पडद्यावर एक सावली दाखवली. सावली झपाट्याने मोठी होऊ लागली की माकडं दचकून मागे सरत. तीच सावली लहान होत गेली तर ती घाबरत नसत. अंगावर येणारी वस्तू दृष्टिपटलावर वेगाने पसरते आणि तेवढी खूण पुरते. मोठा आवाज झाला की पापण्या मिटू लागतात त्या सेकंदाच्या विसाव्या भागाहूनही कमी वेळात, म्हणजे काय झालं हे कळायच्या आत. समोर पडदा आहे हे प्रौढ माणसाला पक्कं ठाऊक असतं, पण हे ज्ञान पोहोचेपर्यंत शरीर दचकून मोकळं झालेलं असतं.

आता माझ्या सर्वात आवडीचा भाग. भीती वाटली की शरीराला संकटासाठी सज्ज करणारी अनुकंपी चेतासंस्था जागी होते, मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी ॲड्रेनॅलिन सोडतात, हृदयाचे ठोके वाढतात, तळहातांना घाम सुटतो. यातले चेतातंतूंचे संदेश क्षणार्धात पोहोचतात, पण रक्तातून फिरणारी संप्रेरकं ओसरायला काही मिनिटं लागतात. संकट टळलं हे मनाला एका क्षणात कळतं. शरीराला मात्र वेळ लागतो. बटण बंद केल्यावरही पंख्याची पाती फिरत राहतात, तसंच हे. आणि धडधडणाऱ्या हृदयावर ‘ही भीती’ किंवा ‘हा आनंद’ अशी चिठ्ठी लावलेली नसते. तो अर्थ मन समोरच्या प्रसंगावरून लावतं.

एका कारणाने उठलेली धडधड अशी पुढच्या भावनेत मिसळते, याला डॉल्फ झिलमन या मानसशास्त्रज्ञाने उत्तेजनाचं संक्रमण म्हटलं. त्याच्या १९७१ सालच्या प्रयोगात सहभागींना आधी कोणीतरी डिवचलं. मग वेगवेगळ्या गटांना साधी, मारामारीची किंवा शृंगारिक चित्रफीत दाखवली आणि नंतर त्या डिवचणाऱ्याला विजेचे झटके देण्याची संधी दिली. सर्वात तीव्र झटके निवडले ते शृंगारिक चित्रफीत पाहिलेल्यांनी, मारामारी पाहिलेल्यांनी नव्हे! कारण त्या चित्रफितीने शरीर सर्वाधिक उत्तेजित झालं होतं आणि ती उत्तेजना रागाच्या खात्यात जमा झाली.

१९७५ साली कँटर, झिलमन आणि ब्रायंट यांनी लोकांना व्यायामाच्या सायकलवर पेडल मारायला लावून नंतर चित्रपट दाखवला. सायकलवरून उतरल्या उतरल्या चित्रपट पाहिलेल्यांवर जास्तीचा परिणाम दिसला नाही, कारण धाप कशाने लागली हे त्यांना ठाऊक होतं. शरीर पूर्ण शांत झालेल्यांवरही दिसला नाही. परिणाम दिसला तो मधल्या गटावर. त्यांची उत्तेजना शिल्लक होती, पण आपण आता शांत झालो असं त्यांना वाटत होतं. म्हणून उरलेल्या उत्तेजनेचं श्रेय त्यांनी नकळत चित्रपटाला दिलं.

शेवटच्या लढाईत नेमकं हेच घडतं. आधी भीती साठत जाते, मग नायक वाचतो, अर्थ क्षणात पालटतो आणि भीतीची सगळी धडधड विजयाच्या आनंदाला येऊन मिळते. पण हे पालटणं झटपट व्हायला हवं. खलनायक मेला ते बरं झालं की वाईट, याचा विचार करण्यात प्रेक्षकाची चार-पाच मिनिटं गेली, तर तोवर शरीर निवू लागतं. चांगला-वाईट असा सरळ भेद इथे उपयोगी पडतो तो यासाठी. गुंतागुंतीच्या चित्रपटाचा आनंद वेगळ्या वाटेने येतो आणि त्याला ही घाई नसते.

अशा वेळी कोणीतरी ‘डोपामिनचा डोस’ म्हणून विषय संपवतं. डोपामिन हे मेंदूतलं रसायन हालचालींत, शिकण्यात, अपेक्षेत अशा कितीतरी कामांत भाग घेतं. प्रत्येक सुखाला तेच नाव चिकटवल्याने काहीच उलगडत नाही.

मग हे मोठ्यांना एवढं का हवंसं वाटतं? २००६ साली मेंदूशास्त्रज्ञ राफाएल मलाक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की डोळे-कान वेगाने काम करण्यात गुंतले की मेंदूच्या पुढच्या भागातलं, स्वतःविषयी विचार करताना जागं असणारं क्षेत्र शांत होतं. दृष्टी आणि श्रवणाची केंद्रं मात्र जोरात चालू असतात. म्हणजे मेंदू बंद पडत नाही. ‘माझं कसं होणार’ ही चिंता तेवढी थांबते. ज्याच्या डोक्यात ती दिवसभर चालते, त्याला हा विसावा मोठा वाटणं स्वाभाविक आहे.

याच यंत्रणेमुळे अर्धा तास अखंड चाललेला विध्वंस कंटाळा आणतो. सारखा तोच आवाज आला की दचकण्याची प्रतिक्रिया क्षीण होत जाते, त्याला सवयीकरण म्हणतात. शिवाय पडद्यावरच्या कोणाचीच काळजी वाटत नसेल तर भीती साठतच नाही, आणि मग शेवटी आनंदात बदलायला काही उरत नाही. कसलेले दिग्दर्शक दोन स्फोटांच्या मध्ये नायकाला त्याच्या मुलीशी दोन मिनिटं बोलू देतात ते त्यासाठीच.