केरॅटोसिस्ट: सिस्ट की ट्यूमर, या वादाची पार्श्वभूमी

१९व्या शतकात दाताच्या पेशींतून झालेली जवळजवळ प्रत्येक गाठ ‘ओडोंटोम’ या एकाच नावाखाली जायची. ओडोंटोजेनिक केरॅटोसिस्ट, म्हणजे दात घडवणाऱ्या पेशींतून जबड्याच्या हाडात होणारी, केरॅटिनने (नखं-केसांतल्या प्रथिनाने) भरलेली गाठ. हे नाव १९५६चं. १९७१ आणि १९९२च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणांत तिची नोंद सिस्ट (अस्तर असलेली पोकळ पिशवी) म्हणूनच होती, ट्यूमर (पेशींची बेबंद वाढ) म्हणून नाही; पण तिचं वागणं साध्या सिस्टसारखं नव्हतं. खालच्या अक्कलदाढेच्या मागे सुरू होऊन ती हाडाच्या आतून लांबवर पसरते आणि चेहरा फारसा सुजत नाही. मग भलत्याच कारणासाठी काढलेल्या ओपीजीत (संपूर्ण जबड्याच्या एक्स-रेत) ती अचानक दिसते. शिवाय नुसती खरवडून काढली, तर काही वर्षांनी पुन्हा उगवते.

१९९६ साली, जबड्यात अशा अनेक सिस्ट आणि त्वचेचे कॅन्सर होणाऱ्या एका आनुवंशिक विकारामागचं पीटीसीएच१ जनुक सापडलं. पुढे एकेकट्या केरॅटोसिस्टमध्येही त्याच जनुकाचा बिघाड दिसला, आणि असा बिघाड ही ट्यूमरची खूण मानली गेली. त्या जोरावर २००५मध्ये तिचं नाव ‘केरॅटोसिस्टिक ओडोंटोजेनिक ट्यूमर’ झालं. आजार तोच राहिला, पण कित्येक रुग्णालयांच्या आकडेवारीत दुर्मीळ समजल्या जाणाऱ्या सौम्य ट्यूमरची संख्या एकदम फुगली आणि रुग्णाच्या हातातल्या रिपोर्टवर ‘ट्यूमर’ हा शब्द आला.

२०१७मध्ये निर्णय फिरवला गेला. त्यासाठी दोन कारणं पुढे आली. एक, तोच जनुकीय बिघाड इतर काही सिस्टमध्येही सापडतो. दुसरं, गाठीला तोंडात वाट करून काही महिने निचरा होऊ दिला, तर तिचं अस्तर पुष्कळदा तोंडाच्या आतल्या साध्या श्लेष्मल त्वचेसारखं होतं. दुसरं कारण मला वजनदार वाटतं, पहिलं लंगडं. कारण अस्तर वेगळं काढून केलेल्या तपासण्यांत केरॅटोसिस्टच्या बहुतेक नमुन्यांमध्ये हा बिघाड दिसला आहे. तरी २०२२च्या वर्गीकरणानेही सिस्टच कायम ठेवली.

या सगळ्या काळात मायक्रोस्कोपखालचं चित्र बदललेलं नाही: सहा ते आठ पेशींइतकं पातळ अस्तर, वरचा थर सुरकुतलेला, तळाच्या गडद पेशी एका ओळीत उभ्या. मात्र सूज असलेल्या भागात या खुणा पुसल्या जातात. तिथलाच तुकडा बायोप्सीला गेला तर निदान चुकतं. ऑर्थोकेरॅटिनाइज्ड प्रकार (ज्याच्या केरॅटिनच्या थरात पेशींची केंद्रकं उरत नाहीत) तर वेगळाच. तो क्वचितच परततो, आणि त्याला स्वतंत्र नोंद मिळाली ती २०१७मध्ये. म्हणून रिपोर्टमध्ये ‘केरॅटिन असलेली सिस्ट’ एवढंच लिहून भागत नाही. अस्तर कोणत्या प्रकारचं, हे त्यात स्पष्ट हवं. शस्त्रक्रिया किती मोठी करायची आणि पुढे किती वर्षं एक्स-रे काढत राहायचं, हे त्यावरच ठरतं.