सोलापूर ते बर्लिन: जब्बार पटेलांच्या नाटकांची पार्श्वभूमी

शंभराव्या मराठी नाट्य संमेलनाचा एक टप्पा जानेवारी २०२४ मध्ये सोलापुरात पार पडला. अध्यक्ष होते नाट्य-चित्रपट दिग्दर्शक डॉ. जब्बार पटेल. सोलापूरकरांसाठी ते घरचेच. जन्म पंढरपूरचा, १९४२ सालचा. शाळा सोलापूरची हरिभाई देवकरण.

त्यांच्या लहानपणीचं सोलापूर म्हणजे गिरण्यांचं गाव. घरात तेलुगू, दुकानात कन्नड, शेजारी उर्दू आणि शाळेत मराठी, असा कारभार इथे कुणालाच नवा वाटत नसे. त्यात प्रा. श्रीराम पुजारी यांच्या घरचा सहवास लाभला. त्या घरी गाण्यातल्या आणि साहित्यातल्या मोठ्या माणसांचा राबता असे. पुढे पुण्यात वैद्यकीय शिक्षण झालं, दौंडला बालरोगतज्ज्ञ म्हणून दवाखाना थाटला, आणि नाटक चालूच राहिलं.

१६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात विजय तेंडुलकरांचं ‘घाशीराम कोतवाल’ रंगमंचावर आलं. पडदा नाही, सेट जवळपास नाही. ब्राह्मणांची एक रांग गात-डोलत उभी राहते. ती पाठ फिरवते तेव्हा भिंत होते, पुन्हा वळते तेव्हा पुण्याची गर्दी. कोकणातल्या लोकनाट्याची, खेळ्यांची ही रीत. पण तिच्यात भास्कर चंदावरकरांचं संगीत आणि कृष्णदेव मुळगुंदांची नृत्यरचना चपखल बसवली ती दिग्दर्शक पटेलांनी. पेशवाईतल्या नाना फडणवीसांच्या आणि ब्राह्मणांच्या चित्रणावरून वाद झाला आणि १९ प्रयोगांनंतर ते करणाऱ्या संस्थेनेच, प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने, नाटक थांबवलं. कलाकार बाहेर पडले, १९७३ मध्ये थिएटर अकॅडमी उभी राहिली आणि नाटक पुन्हा सुरू झालं.

१९८० च्या युरोप दौऱ्याआधी पुन्हा वाद पेटला आणि प्रकरण कोर्टात गेलं. नाना फडणवीस थोर मुत्सद्दी होते, असं निवेदन प्रयोगाआधी वाचून दाखवायचं, अशी तडजोड निघाली. म्हणजे परदेशी प्रेक्षकाला आधी पेशवाईची ओळख, मग नाटक! भाषा न कळणाऱ्यांपर्यंतही ते पोचलं, याचं श्रेय मी त्या रांगेला देईन.

उलट दिशेचा प्रवास त्याआधीच झाला होता. लंडनमध्ये १७२८ साली जॉन गे यांनी भिकाऱ्या-चोरांचा ऑपेरा लिहिला. त्यावरून १९२८ मध्ये बर्लिनला जर्मन नाटककार ब्रेख्त आणि संगीतकार कुर्ट वाइल यांनी आपलं नाटक रचलं. पु. ल. देशपांडे यांनी ते ‘तीन पैशाचा तमाशा’ म्हणून मराठीत आणलं आणि १९७८ मध्ये पटेलांनी बसवलं. इथे तमाशा आणि नाट्यसंगीताच्या जोडीला नंदू भेंडेंचा रॉकही होता. जर्मन नाटक मराठी करायचं म्हणजे सगळं लावणीत घोळवायचं, ही सोपी वाट त्यांनी टाळली. माझ्या मते त्यांचं सर्वांत धाडसाचं काम हेच.

तोवर सिनेमाने त्यांना ओढलंच होतं. त्यांचा पहिला चित्रपट ‘सामना’ १९७५ च्या बर्लिन महोत्सवाच्या स्पर्धेत होता. ‘घाशीराम’ युरोपात पोचलं त्याच्या पाच वर्षं आधी.