पान तोडलं आणि दूध निघालं

आमच्या कॉलनीतल्या काकूंनी ऑनलाइन फोटो बघून ‘गुलाबी मॅग्नोलिया’ मागवला. फाल्गुनात त्याला फुटवा आला. मी एक पान देठाशी तोडलं, तर पांढरा चीक टपकला. म्हणजे देवचाफा! मॅग्नोलियाला चीक नसतोच.

काकूंची फसगत झाली खरी, पण या दोन झाडांच्या नावांचा घोळ तीनशे वर्षांचा आहे. शार्ल प्लुमिए या फ्रेंच संन्यासी वनस्पतिशास्त्रज्ञाने 1703 मध्ये वेस्ट इंडीजमधल्या एका झाडाला माँपेलियेच्या पिएर मान्योल यांच्यावरून ‘मॅग्नोलिया’ हे नाव दिलं. आणि देवचाफ्याचं शास्त्रीय नाव प्लुमेरिया, ते याच प्लुमिएवरून! आपण मराठीत तर दोघांना चाफाच म्हणतो. हिरवा चाफाही चाफाच, पण तो सीताफळाच्या कुळातला.

सोनचाफा मात्र अस्सल मॅग्नोलिया. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 मध्ये त्याला मिशेलिया गटात घातलं होतं. अलीकडे तो गटच मॅग्नोलियात विलीन झाला. मॅग्नोलिया चंपाका या त्याच्या शास्त्रीय नावातला ‘चंपाका’ आपल्या चंपकाचाच.

फोटोतलं झाड, म्हणजे वसंतात पानांआधी फुलणारं, ते चीनकडचं. तिथला पांढऱ्या फुलांचा युलान मॅग्नोलिया 1780 च्या सुमारास इंग्लंडात पोहोचला. पुढे नेपोलियनच्या सैन्यातून निवृत्त झालेल्या सुलांज-बोदँ यांनी 1820 मध्ये पॅरिसजवळ युलान आणि जांभळ्या फुलांचा लिलीफ्लोरा यांचा संकर केला. त्याला 1826 मध्ये फूल आलं. गुलाबी पेल्यासारखी फुलं मिरवणारी बहुतेक झाडं याच संकराची.

या झाडाला हिवाळ्यात लांबलचक गार झोप हवी असते. निफाडला द्राक्षं कुडकुडतात ती चार-आठ दिवस. तेवढ्यावर त्याचं भागत नाही. त्यात आपली चुनखडीयुक्त काळी जमीन, आणि त्याला हवी किंचित आम्ल, निचऱ्याची. एप्रिलच्या उन्हाचं तर विचारूच नका. एकेकाळी गुलशनाबाद म्हणून मिरवलेल्या आमच्या नाशिकला हे मान्य करणं जड जातं, पण मी तरी त्यावर पैसे घालणार नाही.

ओळखायचंच तर फांदी बघा. मॅग्नोलियाची प्रत्येक कोवळी कळी एका आवरणात असते. ते गळलं की पानाच्या देठापाशी फांदीभोवती बांगडीसारखी पूर्ण गोल रेघ उरते. सोनचाफ्यावर ती नखाला लागते. वसंती जातींच्या फुलकळ्यांवर लव असते, मांजराच्या पंजासारखी. फळाच्या कप्प्यांतून लाल बिया डोकावतात. हिमचंप्याची, म्हणजे सदाहरित मॅग्नोलिया ग्रँडिफ्लोराची, पानं खालून तपकिरी, मखमली.

काकूंनी त्या कुंडीशेजारी सोनचाफ्याचं कलम लावलं. बियांचं रोप सात-आठ वर्षं ताटकळत ठेवतं, कलम दुसऱ्या वर्षीच फुलतं. अट एकच: जोडाखालून आलेले फुटवे लगेच खुडायचे. काकू ते रोज सकाळी चष्मा लावून शोधतात.