पिकअपची शिट्टी आणि मेणाचा उतारा

इलेक्ट्रिक गिटारच्या सगळ्या तारा तळव्याने घट्ट दाबून धरल्यात. गेन, म्हणजे ॲम्प्लिफायरने (ॲम्पने) संकेत किती वाढवायचा ते प्रमाण, मात्र वर आहे आणि ॲम्पमधून कानात दाभण टोचावं तशी शिट्टी येतेच आहे. तारा गप्प आहेत, म्हणजे ओरडणारा दुसराच कुणीतरी आहे. बहुतेक वेळा तो पिकअप असतो, म्हणजे तारांखाली बसवलेला, त्यांची थरथर विजेच्या संकेतात बदलणारा भाग.

चांगल्या पिकअपला हवेतला आवाज कळतच नाही. त्याच्यावर तोंड ठेवून गाणं म्हटलं तरी ॲम्प जवळजवळ शांतच राहायला हवा. त्याला कळतं ते फक्त चुंबकीय क्षेत्रातला बदल. आत चुंबक, चुंबकाभोवती तांब्याच्या तारेचं वेटोळं आणि वर गिटारची पोलादी तार. ही तार थरथरली की वेटोळ्यातून जाणारं क्षेत्र कमीजास्त होतं आणि वेटोळ्यात विद्युतदाब तयार होतो. मायकेल फॅरेडेने 1831 मध्ये दाखवलेलं प्रवर्तन ते हेच.

गोम अशी, की कोण हललं याच्याशी या नियमाला काही देणंघेणं नाही. वरची तार हलली काय नि खालचं वेटोळं हललं काय, विद्युतदाब तयार होणारच. वेटोळ्याची तार साधारण 0.06 मिलिमीटर जाडीची, म्हणजे केसासारखी, आणि तिचे वेढे पाच ते आठ हजार. इतकी नाजूक तार तुटू नये म्हणून बेतानेच ताणून गुंडाळावी लागते, त्यामुळे वेढ्यांमध्ये हवेच्या फटी राहतात. स्पीकरचा मोठा आवाज या सैल वेढ्यांना हलवतो आणि पिकअपचा नकळत मायक्रोफोन होतो. धातूचं झाकण असेल तर तेही थरथरतं. ते लोखंडी नसलं तरी चुंबकाच्या क्षेत्रात हलताना त्यात भोवरी प्रवाह, म्हणजे भोवऱ्यासारखे गोल फिरणारे विद्युतप्रवाह, निर्माण होतात आणि त्यांचं क्षेत्र वेटोळ्याला जाणवतं.

पुढचं काम ॲम्प करतो. पिकअपमधून निघालेला बारीकसा संकेत मोठा होऊन स्पीकरमधून बाहेर पडतो, हवेतून परत पिकअपवर आदळतो आणि पुन्हा मोठा होतो. स्पीकर एक मीटरवर असेल तर एका फेरीला सुमारे 3 मिलिसेकंद लागतात. प्रत्येक फेरीत आवाज फक्त 10 टक्क्यांनी वाढतो असं धरा. 100 फेऱ्यांत, म्हणजे सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी वेळात, तो 13 हजार पटींच्या वर जातो. नंतर तो वाढत नाही, कारण ॲम्पची ताकद संपलेली असते.

मग हा आवाज घुमण्याऐवजी किंचाळतो का? सैल वेढे आणि पातळ झाकण हलकी असल्याने भरभर थरथरतात, हे एक कारण. शिवाय केबल जोडलेला पिकअप साधारण 2 ते 5 हजार हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत जोरकस असतो, गिटारचे स्पीकरही त्याच्याच आसपास उठून बोलतात आणि आपले कान नेमके तिथेच जास्त तिखट. सगळ्यांचं एकाच जागी जमतं.

दुरुस्तीआधी चोर ओळखायला हवा. तारा दाबताच आवाज थांबला तर तो तारांचा फीडबॅक, म्हणजे स्पीकरच्या आवाजाने ताराच थरथरत राहतात. तो सुरात असतो, वादक मुद्दाम घडवून आणतात, त्याला हात लावू नये. गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर आणूनही शिट्टी चालूच राहिली तर दोष ॲम्पच्या व्हॉल्व्हमध्ये किंवा पेडलमध्ये शोधावा. आणि सतत घुमणारी गुणगुण हा तर निराळाच आजार, त्यावर मेण काही कामाचं नाही. हे सगळं वगळल्यावर नखाने पिकअपवर टिचकी मारा. थोडीशी टकटक ऐकू येणं साहजिक आहे. पण बाटलीवर चमचा आपटावा तशी खणखण उमटली, तर पिकअप सैल आहे.

लगेच मेण वितळवायला धावू नका. पिकअप ज्या स्प्रिंगवर तोललेला असतो ती ढिली पडली असेल, तर तिच्या जागी रबरी नळीचा तुकडा किंवा पिकअपखाली स्पंजची पट्टी बसवून बघा. कधी कधी तेवढ्यानेच भागतं.

नाहीच भागलं तर मेण. 80 टक्के पॅराफिन आणि 20 टक्के मधमाशीचं मेण हे रूढ प्रमाण. नुसतं पॅराफिन थंड होताना ठिसूळ होऊन तडकतं, मधमाशीच्या मेणाने त्याला लवचीकपणा येतो. मेणाचं भांडं थेट आचेवर कधीही ठेवायचं नाही, वाफेने पेट घेण्याचा धोका असतो. गरम पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून मेण 65 अंश सेल्सिअसच्या आसपास राखायचं. थर्मामीटर हवाच, कारण पाणी 100 अंशांपर्यंत जाऊ शकतं आणि तेवढ्या उष्णतेत प्लास्टिकचं बॉबिन, म्हणजे वेटोळं ज्यावर गुंडाळलेलं असतं ती रीळ, वाकडं होतं. मग ते वेटोळं कायमचं गेलंच म्हणा.

पिकअप बुडवला की वेढ्यांच्या फटींतून बुडबुड्यांच्या बारीक माळा वर येऊ लागतात. आत दडलेली हवा बाहेर पडते आणि तिची जागा मेण घेतं. माळा विरळ होत थांबेपर्यंत, म्हणजे पंधरा-वीस मिनिटं, घाई करायची नाही. झाकण असेल तर ते बसवूनच बुडवावं, म्हणजे झाकण आणि वेटोळं यांच्यामधली पोकळीही भरते.

याने आवाजाचा पोत बदलतो का, यावर गिटारवाले तासन्‌तास भांडू शकतात. मेण हवेपेक्षा विद्युतभार धरायला किंचित मदत करतं, त्यामुळे वेटोळ्याची धारकता, म्हणजे विद्युतभार धरून ठेवण्याची क्षमता, थोडी वाढते. पण केबलची धारकता त्याहून कितीतरी जास्त असल्याने हा फरक तिच्यात बुडून जातो. झाकण किंवा वेढ्यांच्या थरथरीतून येणारा मोकळेपणा मात्र खरंच कमी होतो. गिब्सन या गिटार कंपनीचे 1950 च्या दशकातले हंबकर, म्हणजे दोन वेटोळ्यांचे, पिकअप मेणाविनाच बनत आणि त्यांचे चाहते तो मोकळेपणा हवाच म्हणतात. असा जुना, दुर्मीळ पिकअप हाती असेल तर मी त्याला मेणाजवळ फिरकूही देणार नाही, गेनच थोडा उतरवेन.

बाकीच्यांनी पिकअप बाहेर काढून, पुसून, पूर्ण गार होऊ द्यावा. गिटारमध्ये बसवल्यावर पुन्हा तीच टिचकी मारून बघा. मघाच्या खणखणीच्या जागी आता लाकडावर बोट आपटल्यासारखं बोदं टक ऐकू यायला हवं. तरी धातूचाच आवाज आला, तर झाकणाखाली मेण पोचलेलं नाही.